धष्टपुष्ट करडूच आधी का दगावते?

संध्याकाळी खुराक संपवून उड्या मारणारे करडू सकाळी शेडमध्ये पाय ताणून पडलेले दिसते. अंगावर जखम नाही, आदल्या दिवशी ताप नव्हता, खाणेही सुटले नव्हते. शेळीपालकाचा पहिला संशय सापावर जातो, मग कोणी विष घातले असेल यावर. आणि एक गोष्ट त्याला जास्तच छळते. गेलेले करडू कळपातले सर्वांत धष्टपुष्ट होते. अशक्त, मागे पडलेले मात्र अजून हिंडते-फिरते आहे.

अशा मृत्यूमागे अनेकदा आंत्रविषार असतो. तो घडवणारा जिवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, त्यातला डी प्रकार. तो दुसऱ्याच्या गोठ्यातून यावाच लागतो असे नाही. अनेक निरोगी शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यात तो थोड्या संख्येने राहतोच, आणि एरवी शेणावाटे बाहेरही पडत राहतो. बिघडते ते एका वेळी भरपूर धान्य पोटात गेले की. पोटाच्या पहिल्या कप्प्यांत न पचलेला पिष्टमय भाग लहान आतड्यात उतरतो आणि जिवाणूला मेजवानी मिळते. काही तासांत त्याची संख्या प्रचंड वाढते आणि तो एप्सिलॉन नावाचे विष सोडू लागतो. हे विष सुरुवातीला निष्क्रिय असते. जनावराचाच पाचकरस त्याला धार लावतो. मग ते आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरते, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, मेंदूला सूज येते. कोकरू कोसळते, मान मागे टाकते, पाय झाडते आणि संपते. मेलेल्या मेंढीचे मूत्रपिंड लवकर लिबलिबीत होते, म्हणून इंग्रजीत या रोगाला ‘पल्पी किडनी’ म्हणतात. मोठ्या शेळीत तो कधी दोन-तीन दिवस रेंगाळतो. शेंब आणि रक्त मिसळलेली हगवण लागते. उपचाराला वेळ मिळालाच तर तो इथे.

धष्टपुष्ट करडूच आधी का जाते, याचे उत्तर यातच आहे. जे दांडगे, ते गव्हाणीवर सर्वांत पुढे. ज्याला आईचे दूध भरपूर, त्याच्या आतड्यात जिवाणूला खाद्यही भरपूर.

शहराच्या कडेला हा धोका वाढतो. माळरानावरची शेळी दिवसभर चालते. बाभूळ, बोर, हिवराचा पाला थोडा-थोडा खुडून खाते. दुर्ग-भिलाईतल्या मोहन नगरच्या आसपास असो किंवा पुण्याच्या वेशीवरच्या गावांत, मोकळ्या जागांना कुंपणे पडली, रस्ते रुंद झाले, चराई संपत आली. जनावर शेडमध्ये बांधले गेले आणि त्याचे खाणे शहर ठरवू लागले. लग्नात उरलेला भात, हॉटेलातल्या पोळ्या, बेकरीतले शिळे पाव, भाताच्या गिरणीतली कणी. छत्तीसगडसारख्या धानाच्या मुलखात कणी आणि कोंडा सहज मिळतो. हे सगळे फुकट किंवा स्वस्त असते आणि एकाच दिवशी पोतेभर येते. आदल्या दिवशी कडबा खाणाऱ्या शेळीपुढे दुसऱ्या दिवशी टोपलीभर भात पडतो. बकरी ईदच्या आधी वजन वाढवण्यासाठी बोकडांना मका चारला जातो, तेव्हाही असेच घडते. भटक्या धनगरांच्या मेंढ्या कणसे सांडलेल्या रानात शिरतात किंवा पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर तुटून पडतात, तेव्हाही.

म्हणून पहिला उपाय गव्हाणीतच आहे. नवे खाद्य दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावे. सकाळी आधी सुका चारा द्यावा, मग खुराक. आणि तोही एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून. उरलेले अन्न आले तर ते सगळ्यांत थोडे-थोडे वाटले जाईल हे पाहावे.

अचानक मृत्यू झाला की घाई होते ती जनावर कापण्याची. नुकसान भरून काढायला मांस विकून टाकावे, असा मोह पडतो. इथे थांबलेच पाहिजे, कारण काळपुळीनेही जनावर असेच तडकाफडकी मरते. नाका-तोंडातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल तर मृतदेह उघडूच नये. हवा लागताच काळपुळीचे जिवाणू बीजाणू बनवतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. कापणाऱ्याच्या हातालाही रोग होतो. पशुवैद्यकाला बोलवावे, त्याच्या सल्ल्याने मृतदेह खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

याच काळपुळीवर लुई पाश्चर यांनी १८८१ मध्ये फ्रान्समधल्या पुई-ल-फोर गावी लोकांसमोर प्रयोग केला. लस टोचलेल्या मेंढ्या जगल्या, न टोचलेल्या मेल्या. त्यानंतर आठ वर्षांनी, १८८९ मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. अल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. १८९३ मध्ये ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलली आणि पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. जनावरांच्या लसींचे काम मात्र पुण्यात आजही चालते, औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत. तिथे बनणाऱ्या लसींत आंत्रविषाराची लस आहे.

ही लस साधी आणि स्वस्त आहे, पण तिचे वेळापत्रक कडक आहे. पहिल्यांदा टोचताना दोन मात्रा लागतात, मध्ये दोन ते तीन आठवड्यांचे अंतर. पहिलीच टोचून थांबले तर संरक्षण अर्धवट राहते. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याआधी, शक्यतो मे महिन्यात. शेळ्यांमध्ये या लसीचा प्रभाव मेंढ्यांपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून धान्यावर वाढणाऱ्या शेळ्यांना वर्षातून दोनदाही टोचावी लागते. गाभण शेळीला विण्याच्या महिनाभर आधी लस दिली तर चिकातून करडालाही कवच मिळते. तेही चीक पहिल्या काही तासांत पाजला तरच.

छोट्या पालकाची अडचण वेगळीच असते. लसीच्या एका बाटलीत अनेक जनावरांच्या मात्रा असतात. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते आणि उघडल्यावर त्याच दिवशी संपवावी लागते. चार शेळ्यांच्या दारी एक बाटली घेऊन कोण येणार? पन्नास शेळ्यांचा फार्म डॉक्टरांना बोलावू शकतो, चार शेळ्यांची बाई नाही. महाराष्ट्रात ‘उमेद’ आणि छत्तीसगडमध्ये ‘बिहान’ अभियानातून तयार झालेल्या पशुसखी इथे उपयोगी पडतात. त्या गल्लीतल्या सगळ्या शेळ्या एका दिवशी एकत्र आणू शकतात.

शहराचा बाजार रोगाला दुसरी वाट उघडून देतो. ट्रकमध्ये दाटीने, तहानलेली, वाऱ्यात उभी जनावरे शेकडो किलोमीटर येतात. एरवी त्यांच्या नाका-घशात गुपचूप राहणारे पाश्चुरेला कुळातले जिवाणू मग फुप्फुसात उतरतात. बाजारातून आणलेली शेळी लगेच कळपात सोडू नये. तिला दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे, खोकला आणि ताप पाहावा.

तिसरी वाट माणसापर्यंत येते. डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात या समजुतीने शहरात त्याचे भाव चढतात. या समजुतीला पुरावा नाही, आणि अनेकजण हे दूध कच्चेच पितात. ब्रुसेला मेलिटेन्सिस हा जिवाणू त्यातून अंगात शिरू शकतो. चढउताराचा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी महिनोन्‌महिने छळते आणि अनेकदा विषमज्वर समजून उपचार होतात. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर हा जिवाणू शोधला. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी तो वरवर निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून येतो हे दाखवले. पुढच्या वर्षी सैनिकांना ते दूध देणे बंद झाले आणि रुग्ण झपाट्याने घटले. दूध उकळले की ब्रुसेला मरतो. गाभडलेल्या शेळीची वार मात्र कधीही उघड्या हाताने उचलू नये, कारण त्यातही तो खच्चून भरलेला असतो.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ब्रुसेलोसिसची लस गायी-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या वासरींना दिली जाते. शेळ्यांना ही लस त्यात नाही. त्याच वर्षीच्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८९ लाखांच्या आसपास शेळ्या मोजल्या गेल्या. म्हणून वारंवार गाभडणाऱ्या कळपाच्या रक्ततपासणीची सोय पालकाच्या आवाक्यात हवी. मोहन नगरच्या शेळीपालकांसाठी दुर्गजवळच्या अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ मध्ये स्थापन झालेले कामधेनू विद्यापीठही तिथेच आहे. महापालिकेने शहरातल्या शेळ्यांची वॉर्डनिहाय यादी केली, महाविद्यालयाने मे महिन्यात आंत्रविषाराच्या लसीसाठी प्रत्येक वॉर्डात एक सकाळ दिली आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या मात्रेसाठी तेच पथक परत आले, तर एक बाटली उघडून वाया जाण्याची भीती उरणार नाही आणि जुलैचे कोवळे गवत येईपर्यंत त्या वॉर्डातली करडे तयार असतील.