तळाबाहेरचा पहिला फेरा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकी सैन्य 2003 ते 2011 या काळात इराकमध्ये होतं. तिथं नव्यानं पोचलेला सैनिक ताफ्यासोबत पहिल्यांदा तळाबाहेर पडायचा, त्या प्रसंगाबद्दल अनेक चुकीच्या समजुती आहेत. त्या दूर व्हायला हव्यात, कारण त्यांच्यामुळे सैनिकाची भीतीही कळत नाही आणि रस्त्यावरच्या इराकी माणसाचीही.

गैरसमज: बाहेर जातात ते फक्त लढाऊ तुकड्यांचे जवान.
वस्तुस्थिती: इंधन, पाणी, सुटे भाग असं बरंच सामान ट्रकनं जायचं. त्यामुळे चालक, मेकॅनिक, भांडारातले कारकून यांनाही बाहेर पडावं लागे. 23 मार्च 2003 रोजी नासिरियात रस्ता चुकून हल्ल्यात सापडली ती 507वी देखभाल कंपनी. त्या ताफ्यातले 11 सैनिक मारले गेले. थेट लढाईच्या तुकड्यांत तेव्हा महिलांना प्रवेश नव्हता. तरीही मार्च 2005 मध्ये सलमान पाकजवळ ताफ्यावरचा हल्ला परतवल्याबद्दल लष्करी पोलीस दलातल्या सार्जंट ली ॲन हेस्टर यांना सिल्व्हर स्टार मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला सैनिक.

गैरसमज: फाटक ओलांडलं की गोळीबार सुरू.
वस्तुस्थिती: कितीतरी फेऱ्या काहीही न घडता पार पडत. जीव टांगणीला लागायचा तो रस्त्याकडेला पेरलेल्या बॉम्बमुळे. कचऱ्याचा ढीग, मेलेलं जनावर, ताजी उकरलेली माती, प्रत्येक गोष्टीचा संशय घ्यावा लागे. गाडी थांबली की आधी भोवतालचे 5 मीटर न्याहाळायचे आणि थांबा लांबला तर 25 मीटरपर्यंत तपासायचं, हे अंगवळणी पाडलं जाई.

गैरसमज: चिलखती गाडीत माणूस सुरक्षित असतो.
वस्तुस्थिती: सुरुवातीला अनेक हम्वी गाड्यांना पुरेसं चिलखतच नव्हतं. डिसेंबर 2004 मध्ये कुवेतमध्ये एका सैनिकानं संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना सर्वांसमोर विचारलं, की आम्हाला भंगारातून पत्रे का शोधावे लागतात? 2007 पासून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा तळ असलेल्या एमरॅप गाड्या मोठ्या संख्येनं आल्या. हा आकार स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना वळवतो. त्यामुळे प्राण वाचले, पण चिलखत भेदणारे बॉम्बही विरोधकांकडे होते.

गैरसमज: संशय आला की सैनिक हवी तेव्हा गोळी झाडू शकतो.
वस्तुस्थिती: आधी इशारा द्यायचा, मग शस्त्र दाखवायचं, मग इशाऱ्याची गोळी, असे टप्पे ठरलेले होते. पण भरधाव येणाऱ्या गाडीसमोर हे सगळं काही सेकंदांत उरकावं लागे आणि तो इशारा चालकाला कळेलच याची खात्री नसे. 4 मार्च 2005 रोजी बगदाद विमानतळाकडे निघालेल्या गाडीवर अमेरिकी सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्यात इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी ठार झाले. अपहरणकर्त्यांच्या तावडीतून सुटलेल्या पत्रकार जुलियाना स्ग्रेना यांना ते घेऊन चालले होते. अशा गोळीबारांत इराकी कुटुंबांचेही बळी गेले.

म्हणून पहिल्या फेऱ्याची गोष्ट एकट्या सैनिकाच्या धैर्याची म्हणून सांगणं अपुरं आहे. त्याच्या नेमणुकीला मुदत होती. त्याच रस्त्यानं रोज कामाला, शाळेला, बाजाराला जाणाऱ्या इराकी माणसाला अशी मुदत नव्हती. युद्धाची किंमत मोजताना दोघांचाही हिशेब धरलाच पाहिजे.