सार्वजनिक संस्था आणि समाजमाध्यमें

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा झाला, त्या सुमारास संस्थेच्या सभेची नोटीस म्हणजे फळ्यावर चिकटविलेला कागद व गांवांत फिरणारी दवंडी. आतां तीच नोटीस व्हॉट्सॲपवर येते. आमच्याकडील गोरक्षणें, वाचनालयें व शेतकऱ्यांचे गट चालविणारी मंडळी सचोटीची आहे. परंतु हीं साधनें तिला कोणी शिकविलीं नाहींत. एखाद्या पोराच्या हातीं मोबाइल देऊन "कांहीं तरी टाक" म्हणावें, असा कारभार बहुधा दृष्टीस पडतो.

नीट उपयोग पहावयाचा असल्यास उदाहरण घरचेंच आहे. पानी फाउंडेशन ही संस्था २०१६ सालीं निघाली. तिची वॉटर कप स्पर्धा त्या वर्षीं तीन तालुक्यांत झाली. पुढें आमचे कारंजा व मंगरुळपीर हेहि तालुके तींत उतरले. या संस्थेनें गांवकऱ्यांकरितां ज्या चित्रफिती केल्या, त्यांचा विषय पाहुण्यांचे हारतुरे हा नव्हता. समपातळी रेषा कशी आंखावी, चर कोठें खणावा, बांध कसा घालावा, हें त्यांत दाखविलें होतें. पाहणाऱ्यास दुसरे दिवशीं स्वतःच्या शिवारांत करून पाहण्याजोगें कांहीं मिळतें, म्हणूनच तो दुसऱ्यास दाखवितो. आमच्या संस्थांचीं पानें उघडावीं तों सत्कारांचीं छायाचित्रेंच फार!

दुसरी गोष्ट तारखेची. रिसोड तालुक्यांतील करडा येथें सुविदे फाउंडेशन ही संस्था कृषि विज्ञान केंद्र चालविते. अशा केंद्राचा सोयाबीनवरील फवारणीचा सल्ला पुढें धाडतांना वरची तारीख गळाली, तर गेल्या सालचा सल्ला यंदाच्या पिकास लागू होतो, आणि नुकसान शेतकऱ्याचें होतें. तारीख, पीक व सल्ला देणाऱ्याचें नांव यांवांचून कोणताहि निरोप संस्थेनें पुढें पाठवूं नये.

किल्लीची व्यवस्था तर बहुतेकांस सुचतच नाहीं. आमच्या परिचयाच्या एका संस्थेचें फेसबुक पान तिच्या कारकुनानें स्वतःच्या नांवें उघडलें. तो नोकरी सोडून परगांवीं गेला. पान अद्याप आहे; पण संस्थेस त्यावर एक ओळ लिहितां येत नाहीं. तलाठ्यानें बदलीचे वेळीं चार्ज न देतां जावें व दप्तर त्याच्या घरींच रहावें, त्यांतलाच हा प्रकार. याकरितां संस्थेच्या नांवाचें स्वतंत्र सिम घ्यावें, निदान दोघांस ॲडमिन करावें, आणि पदाधिकारी बदलतांना पासवर्डासह चार्ज यादीवर सह्या घ्याव्या.

व्हॉट्सॲपच्या गटांत १,०२४ पर्यंत सभासद घेतां येतात. ॲडमिननेंच लिहावें अशी सोय २०१८ पासून आहे. सूचनांचा गट तसा बंद ठेवून गप्पांकरितां दुसरा काढावा. नाहीं तर सभेची नोटीस सुप्रभाताच्या फुलांखालीं गडप होते.

याहून भयंकर गोष्ट अफवेची. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे समजून जमावानें पांच निरपराध भिक्षुकांचा जीव घेतला. त्या सुमारास अशा अफवा मोबाइलवरून सर्वत्र पसरत होत्या. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं निरोप पुढें धाडण्याची सोय बंद केली. परंतु पांच म्हणजे कांहीं थोडे नव्हेत. संस्थेच्या गटांत आलेली गोष्ट लोक संस्थेनेंच सांगितली असें धरतात; म्हणून खोटा निरोप दिसतांच ॲडमिननें तो काढून "हें खरें नाहीं" असें त्याच जागीं लिहावें.

वर्गणीसाठीं क्यूआर कोड लावल्यास पैसे भरतांना दिसणारें नांव संस्थेचेंच असावें, चिटणिसाचें नव्हे, व पावती त्याच दिवशीं जावी.

राहतां राहिलें उत्तर. "बियाणें केव्हां येणार?" असें सभासदानें विचारावें आणि महिनाभर कोणी बोलूं नये, असें पान नसलेलें बरें. आवक-जावक पुस्तकाप्रमाणें आलेल्या प्रश्नांची नोंद एकानें आठवड्यांतून दोनदां तपासावी. आणि मोबाइल न बाळगणारे वृद्ध व विधवा सभासद पुष्कळ आहेत, तोंवर फळ्यावरील कागद काढूं नये.