चला ॲमस्टरडॅमला, चपला न घालता!

मित्रांनो, चित्रांचं संग्रहालय म्हटलं की काय आठवतं? आडवी दोरी आणि 'लांबून बघा' म्हणणारा पहारेकरी! पण घरबसल्या संग्रहालय बघायला गेलात, तर चित्राला अगदी नाक लावून बघता येतं. नाक लागतं ते संगणकाच्या पडद्याला, एवढंच!

नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम शहरात राइक्सम्युझियम आहे. तिथलं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे रेम्ब्राँटचं 'द नाइट वॉच', म्हणजेच 'रात्रीची गस्त'. १६४२ सालच्या या चित्रात शहराचं रक्षण करणारं नागरिकांचं पथक कूच करायच्या तयारीत आहे. संग्रहालयाने या एका चित्राचे तब्बल ८,४३९ फोटो काढले, ते संगणकावर जोडले आणि २०२२ साली इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले. त्यात ७१७ अब्ज ठिपके आहेत. म्हणजे तुमच्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये ओळीने २०० ठिपके! काय, चक्रावलात ना?

आता संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे चित्र उघडा आणि मोठं मोठं करत शोधाशोध करा. उजेडात उभी असलेली सोनेरी झग्यातली मुलगी सापडली? तिच्या कमरेला काय लटकतंय बघा. चक्क कोंबडी! आता निशाण धरलेल्या माणसाजवळ या. मागच्या गर्दीतून एक डोळा डोकावतोय. तो स्वतः रेम्ब्राँटच, असं मानतात.

आणि गंमत म्हणजे हे चित्र रात्रीचं नाहीच! वरचं वार्निश काळवंडलं, म्हणून लोकांना रात्र वाटली.

या चित्राने एक मोठा घावही सोसलाय. १७१५ साली ते नगरभवनात हलवलं. जागा लहान, चित्र मोठं! मग काय, चारही बाजूंनी चित्रच कापलं. ते तुकडे आजवर सापडलेले नाहीत. २०२१ साली एका जुन्या, छोट्या नकलेच्या आधाराने संगणकाने ते भाग पुन्हा तयार केले.

पडद्यावर एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे चित्राचा आकार. त्यावर उपाय सोपा आहे. टेप आणि खडू घ्या आणि शाळेच्या मैदानावर साडेचार मीटर लांब आणि पावणेचार मीटर रुंद चौकट आखा. एवढं मोठं चित्र! आता सगळा वर्ग त्यात उभा करा. कप्तान कोण होणार, ते आधी ठरवा. आणि हो, कोंबडी कोण, तेही!