परसातलं अळू कधी खुडावं?

पावसाळ्यात शिवनाथ नदीची पातळी वर्तमानपत्रांत झळकू लागली, की भिलाईच्या क्वार्टरांमागे सांडपाण्याच्या ओलीवर अळू माजतं. वडीचा बेत ठरतो आणि पाठोपाठ शंका येते: घसा खवखवणार तर नाही?

खाजेचं कारण पानातच असतं. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांचे जुडगे असतात. पान कच्चं राहिलं, की त्या जिभेला नि घशाला टोचतात. सुयांसोबतचं प्रथिन ही आग वाढवतं, असं संशोधक मानतात. चिंचेनं या सुया विरघळतात, असं आपल्याकडे सांगतात. पण सुया चिंचेच्या सौम्य आम्लाला सहजी दाद देत नाहीत. चिंच चवीला हवीच. खाज मारायला मात्र भरपूर वाफ लागते.

वडीसाठी काळपट देठाचं अळू घ्यावं, फदफद्यासाठी हिरवट देठाचं. पान पूर्ण उलगडलेलं, पण कोवळं असावं. सुरळीतलं राहू द्यावं, पिवळट नि जून झालेलं टाळावं. बाहेरची पानं खुडावीत, गाभ्याची दोन-तीन राखावीत. पानंच गड्ड्याला, म्हणजे इथल्या बोलीतल्या कोचईला, पोसतात. झाड ओरबाडलं तर कोचई बारीक राहते. पावसाळा सरल्यावर पानं पिवळी पडून माना टाकू लागली, की कोचई खणावी.

थंड देशांत रूबार्बच्या आंबट देठांना झाड न ओरबाडण्याचा हाच न्याय लावतात. पहिल्या वर्षी देठ काढत नाहीत. पुढे वसंतात काढतात आणि जून सरता सरता थांबतात, म्हणजे मुळांना पुढच्या वर्षाची शिदोरी साठवता येते. त्याची पानं मात्र विषारी. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ती भाजी म्हणून खायला सांगितली गेली आणि लोकांना विषबाधा झाली. 1955 च्या करारानंतर भिलाईचा कारखाना उभारायला आलेल्या सोव्हिएत तंत्रज्ञांच्या देशात रूबार्ब ओळखीचं. पण थंडीचं हे झाड दुर्ग-भिलाईच्या मे महिन्यात टिकायचं नाही. इथल्या मातीला अळूच मानवतं.

आणि अळूला न्याय द्यावा तो छत्तीसगढी इड़हरनं! कोचईच्या पानांवर वाटलेल्या उडदाचा थर द्यायचा, गुंडाळून वाफवायचं, काप तळायचे आणि मही, म्हणजे ताकाच्या कढीत सोडायचे. आपल्या वडीची ही सख्खी बहीण. शहाणपणात मला ती काकणभर सरसच वाटते. अळूत सुयांखेरीज पाण्यात विरघळणारं ऑक्झलेटही असतं. ताकातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच बांधतं, त्यामुळे ते रक्तात कमी उतरतं. फदफदं करतानाही पानं उकडून पाणी फेकलं, तर हे ऑक्झलेट घटतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच अळू खावं.

भिलाईतल्या मराठी घरांत वडी शिजते, शेजारी इड़हर. यंदा वडीचं ताट शेजारी न्याच, पण येताना इड़हरची कृती शिकून या. आणि पानं खुडताना गाभ्याला हात लावू नका.