आजोबांच्या ट्रंकेतलं पिस्तूल : आधी ठाणं, मग इतिहास

जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधायचं ठरलं, की पहिल्यांदा माळा रिकामा करावा लागतो. कडब्याच्या पेंड्या, मोडका पाळणा, तांब्याचा बंब, आणि कोपऱ्यात एक काळी लोखंडी ट्रंक. गडमुडशिंगी काय किंवा करवीर तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव काय, पलटणीत कुणी गेलं नाही अशी भावकी सापडणं अवघड. ती ट्रंक उघडली, जुन्या खाकी कोटाच्या घडीत तेलकट कापडात गुंडाळलेलं पिस्तूल निघालं, तर तुम्ही काय कराल?

बहुतेक ठिकाणी तीनपैकी एक गोष्ट होते. कुणी रात्री नेऊन विहिरीत टाकतो. कुणी 'थोरल्या आबांची आठवण' म्हणून पुन्हा गुंडाळून ठेवतो. आणि कुणी उत्साही पोरगं घासून-पुसून चाप ओढून बघतं. तिन्ही वाटा चुकीच्या. पहिलीत इतिहास जातो, दुसरीत घरावर गुन्हा येतो, तिसरीत जीव जातो.

हात लावण्याआधी

जुनं पिस्तूल भरलेलं आहे असंच धरून चाला. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गोळी 'मेली असेल' यावर विश्वास ठेवू नका. दमट माळ्यावर पडलेलं काडतूसही उडू शकतं. नळी कुणाकडे करू नका, चाप-घोडा हलवू नका, मुलांना लांब करा. घासकागद तर मुळीच लावू नका. गंज काढताना त्याखालचे शिक्के आणि क्रमांक जातात. शिवाय शस्त्रावरचा क्रमांक किंवा खूण मिटवणं हा शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे.

'जुनं आहे, परवाना कशाला?'

पारावर हमखास ऐकू येणारं हे वाक्य. १९५९ च्या शस्त्र कायद्यात (कलम ४५) सूट आहे हे खरं. पण ती कालबाह्य बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या अशा शस्त्राला, जे दुरुस्त करूनही उडवता येणार नाही. नुसतं गंजलेलं, नुसतं आजोबांचं, एवढ्यानं सूट मिळत नाही. पहिल्या महायुद्धातलं पिस्तूल चांगल्या कारागिराच्या हाती पुन्हा चालू होऊ शकतं. त्यामुळं ते सुटीत बसतं की नाही हे तुम्ही किंवा सरपंचांनी ठरवायचं नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्राला साधारणपणे किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. मनाई असलेल्या शस्त्राला त्याहून कडक. आणि लष्करी पिस्तुलं बहुधा .३८, .४५५ किंवा ९ मिलिमीटरची, म्हणजे सामान्य नागरिकाला जिल्ह्यात परवाना न मिळणाऱ्या बोअरची असतात. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा.

मग करायचं काय?

पिस्तूल पिशवीत घालून एस.टी.नं ठाण्यात नेऊ नका. ते जागेवरच ठेवा, पोलीस पाटलांना बोलवा, ठाण्याला कळवा. पंचनाम्यात कुठं, कधी, कुणासमोर सापडलं ते लिहून घ्या. शस्त्राचा क्रमांक आणि सोबतच्या गोळ्यांची संख्याही लिहायला लावा. पोच घेतल्याशिवाय शस्त्र देऊ नका. कलम २१ प्रमाणे असं शस्त्र विनाविलंब ठाण्यात जमा करता येतं. विनापरवाना बाळगल्याचा खटला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय भरता येत नाही, हेही माहीत असू द्या. स्वतःहून कळवणारा आणि लपवणारा यांच्यातला फरक कागदावर दिसला पाहिजे.

आजोबांच्या नावे परवाना असेल तर गोष्ट वेगळी. परवान्याचं पुस्तक शोधा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला अर्ज करता येतो. त्याला इतर वारसांची संमती लागते. भावकीत वाद असेल तर तो आधी मिटवा.

पिस्तूल काय सांगतं?

शस्त्र ठाण्यात गेल्यावर इतिहास शोधायला कुणाची हरकत नाही. पंचनाम्यातल्या खुणाच बोलू लागतात.

फिरत्या चक्राचं, मधून मोडून उघडणारं, 'मार्क ६' लिहिलेलं असेल तर ते वेब्ली. हे १९१५ साली ब्रिटिश लष्करात आलं, गोळी.४५५, एका वेळी सहा. 'एनफिल्ड' आणि 'नं. २' असेल तर ते १९३२ नंतरचं .३८ चं. त्याच्या घोड्याला मागं अंगठ्याची टोच नसेल, तर तो १९३८ पासूनचा प्रकार. सांगाड्यावर बाणाची खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर सरकारनं ते सेवेतून काढून विकलेलं. बाणाबरोबर इंग्रजी 'आय' हे अक्षर असेल तर हिंदुस्थान सरकारचं.

'बेरेटा' लिहिलेलं असेल तर ते इटालियन. १९३४ च्या नमुन्यावर इसवी सनाशेजारी रोमन आकडा असतो. ते मुसोलिनीच्या राजवटीचं वर्ष. १९४१ साली इरिट्रियात केरेनला मराठा पलटण इटालियनांशी लढली. तिथून एखादं पिस्तूल गावापर्यंत आलं असेल तर नवल नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर झाडलेलं पिस्तूलही बेरेटाच होतं. त्याचा ६०६८२४ हा क्रमांक खटल्याच्या कागदात आहे. क्रमांकाचं महत्त्व यावरून ओळखा.

अक्षरं वाकडी, स्पेलिंग चुकलेलं, क्रमांकच नाही असं असेल, तर तो गावठी कट्टा समजा. त्याला आजोबांचं नाव चिकटवू नका.

गोष्ट आणि पुरावा

एक गोष्ट लक्षात ठेवा. साध्या शिपायाला पिस्तूल मिळत नसे, त्याच्याकडं रायफल असे. पिस्तूल अधिकारी, सुभेदार-जमादार, रणगाड्यावरचे जवान यांच्याकडं. म्हणून 'साहेबानं खूश होऊन दिलं' ही घरातली गोष्ट खरी असेलही, पण कागद बघा. डिस्चार्ज बुक जपा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. ती सोनाराकडं मोडीत घालू नका. आजोबा कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये होते की बेळगावच्या मराठा लाईट इन्फन्ट्रीत, हे त्यावरून कळतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

पिस्तूल परत मिळालं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. पंचनाम्याची प्रत, पदकं आणि आजोबांचा फोटो एका चौकटीत लावा. नातवंडांना दाखवायला तेवढं पुरेसं आहे. आणि ते दाखवताना दाराला कडी लावायची गरज पडणार नाही.