मेळघाट : गड, वाघ आणि कोरकू

पाऊस सुरू झाला की वऱ्हाडातील पर्यटकांची पावले चिखलदऱ्याकडे वळतात. धुके, धबधबे, गरम भजी आणि संध्याकाळी परतीचा प्रवास, असा हा ठरलेला कार्यक्रम असतो. मात्र अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेला पसरलेल्या या सातपुड्याच्या रांगांत इतिहास, अरण्य आणि लोकसंस्कृती यांचा दुर्मीळ संगम आहे. तो पाहायचा तर सवड काढूनच जायला हवे.

तापी आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांमध्ये हा डोंगराळ प्रदेश उभा आहे. उत्तरेकडून वऱ्हाडात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी येथे गड उभारले गेले. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आणि अकोटच्या उत्तरेचा नरनाळा हे त्यांतील प्रमुख. बहमनी सत्तेनंतर दोन्ही गड इमादशाहीकडे आले. नरनाळ्याचा कोरीव महाकाली दरवाजा १४८७ सालचा असून, त्यावरील शिलालेख आणि सज्जे आजही लक्ष वेधून घेतात. गडावरील तलाव व ‘नऊगजी’ तोफही पाहण्यासारखी आहे.

गाविलगडाचे नाव इंग्रज-मराठा युद्धाशी जोडलेले आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला. त्यानंतर इंग्रजांनी डोंगरातून अवजड तोफा गडाच्या उत्तर बाजूला नेल्या आणि १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजेने गड घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

हे गड आज जंगलाने वेढलेले आहेत. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. सागाच्या या पानझडी वनात वाघ, बिबट्या, अस्वल आणि गवा आढळतात. शतकभर नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा दिसला. पुढे मेळघाटातही त्याचा आढळ झाला. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील जंगल सफारी सहसा बंद असते. उन्हाळ्यात पाने गळून पाणवठे उघडे पडतात आणि प्राणी दिसण्याची शक्यता वाढते. वाघ दिसेलच याची हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही.

या अरण्याचे जुने रहिवासी म्हणजे कोरकू. त्यांच्या भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसे. ही भाषा मराठीच्या कुळातील नाही, गोंडीच्याही नाही. तिचे नाते दूरच्या झारखंडातील मुंडारी आणि संथाळीशी आहे. होळी हा त्यांचा मोठा सण. त्या दिवसांत मेघनाथाची पूजा होते आणि गदली-सुसून नृत्य रंगते.

वाघासाठी जंगल मोकळे हवे म्हणून गाभा क्षेत्रातील अनेक गावे गेल्या दोन दशकांत बाहेर हलविण्यात आली. त्यामुळे वन्यजीवांना निवांतपणा मिळाला, पण जमीन आणि रोजगार यांविषयीची नाराजीही उरली. जानेवारी २०१९ मध्ये जुन्या गावी परतलेले ग्रामस्थ आणि वन कर्मचारी यांच्यात संघर्ष होऊन अनेक जण जखमी झाले. पर्यटकाला निर्मनुष्य वाटणारे गवताळ कुरण कालपर्यंत कुणाचे तरी शिवार असू शकते.

म्हणूनच येथे जाताना स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि त्याचे ऐकावे. गडाचे दगड आणि वाघाचे ठसे यांचा अर्थ त्याच्याइतका दुसऱ्या कुणाला क्वचितच सांगता येईल.