रॉकेलशिवाय चूल पेटवा : घरच्या टाकाऊ वस्तूंचे पेटवण



2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली. पण सिलिंडर पुरवून वापरायचा, म्हणून आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण आणि बऱ्याच घरी भाकरीसुद्धा अजून चुलीवरच होते. मृगाचा पाऊस लागला, सरपण सादळलं, की चूल नुसती धुमसते. मग हात जातो रॉकेलच्या बाटलीकडे, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीकडे. दोन्ही सवयी घातक आहेत. त्याऐवजी घरच्या टाकाऊ वस्तूंतून पेटवण कसं करायचं, ते या पत्रकात दिलं आहे.

रॉकेल का नको?

चूल विझलेली दिसली तरी राखेखाली निखारा जिवंत असतो. रॉकेल 35 ते 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतं. निखाऱ्यावर ते पडलं की वाफेचा एकदम भडका उडतो आणि जाळ धारेवरून बाटलीपर्यंत येऊ शकतो. बाटली हातात, पदर पुढे आणि मूल कडेला, अशा वेळी काय होईल ते सांगायला नको. प्लॅस्टिक, थर्माकोल, टायरचे तुकडे यांचा धूर विषारी असतो. तो चुलीपुढे बसलेल्या माणसाच्या छातीत जातो.

ओलं लाकूड का पेटत नाही?

लाकडातलं पाणी आधी उडून जावं लागतं. तोवर सगळी उष्णता पाणी आटवण्यातच खर्च होते. लाकडातून जळाऊ वायू जोरात निघून जाळ धरायला साधारण 250 ते 300 अंश उष्णता लागते. काडेपेटीची काडी काही क्षणांत विझते. तेव्हा काडी आणि लाकूड यांच्यामध्ये पाच-दहा मिनिटं एकसारखी जळणारी वस्तू हवी. तेच पेटवण.

पेटवणाचे तीन प्रकार

1) भुश्याच्या वड्या : वखारीतला लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची चुरलेली टरफलं तीन भाग आणि रात्रभर भिजवून कुस्करलेला रद्दी कागद एक भाग घ्या. मिश्रण बांधलं जाईल इतपतच शेण घाला. जास्त शेण चुलीत घालू नका, त्याची खरी जागा उकिरड्याच्या खड्ड्यात आणि तिथून शेतात. मेदूवड्याएवढ्या वड्या थापून मधे बोटानं भोक पाडा. होळीच्या चाकोल्यांना पाडतात तसंच. भोकातून हवा खेळते आणि वडी आतूनही वाळते. कडक उन्हात आठवडाभर वाळवा. मोडल्यावर कट् असा आवाज आला की वडी तयार. पेटवताना भोकात तेलात बुडवलेली जुनी वात खोवा.

2) तेलाची कणसं : दाणे काढलेली मक्याची कणसं चांगली वाळवा. त्यांच्या एका टोकाला सुती चिंधी गुंडाळून दोऱ्यानं बांधा. तळणीचं काळं पडलेलं तेल गाळून ठेवा आणि लागेल त्या वेळीच चिंधी त्यात बुडवा. चिंधी सुतीच हवी. टेरिलीन, नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. तेलकट चिंध्यांचा ढीग करून ठेवू नका. जवस, करडई यांच्या तेलाच्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेटू शकतात.

3) मेणाच्या वड्या : मेणबत्तीचे तुकडे डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण कधीही थेट जाळावर तापवू नका. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खळग्यांत भुसा भरून वर पातळ मेण ओता आणि गार झाल्यावर खळगे सुटे कापा. मेणामुळे ही वडी सादळत नाही, म्हणून ऐन पावसासाठी राखून ठेवा.

कोकणात नारळाची शेंडी आणि वाळलेल्या झावळ्या, विदर्भात तुराट्या आणि संत्र्याच्या वाळक्या साली हे आयतंच पेटवण आहे. संत्र्याच्या सालीत तेल असतं, त्यामुळे ती चटकन जाळ धरते.

चूल कशी रचावी?

जुनी राख काढा, म्हणजे खालून हवा मिळेल. मधोमध पेटवण ठेवा. त्यावर करंगळीएवढ्या काटक्या आडव्या-उभ्या रचा. पेटवण खालून पेटवा. काटक्यांनी जाळ धरला की मगच जाड लाकूड सारा. सुरुवातीलाच चूल ठासून भरली तर हवा कोंडते आणि धूर होतो. उद्याचं सरपण आजच चुलीजवळ, पण जाळापासून हातभर दूर ठेवा. उबेनं ते कोरडं होतं.

हे विसरू नका

• कीटकनाशकाच्या पिशव्या, रंग दिलेलं लाकूड, कण्हेरीच्या फांद्या आणि बिब्बा चुलीत घालू नका. बिब्ब्याचा धूर अंगावर उततो.
• पेटवण झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर आणि मुलांचा हात पोहोचणार नाही असं ठेवा.
• पदर खोचून बसा. दार-खिडकी उघडी ठेवा.
• पेटलेल्या मेणावर किंवा तेलावर पाणी टाकू नका. झाकण ठेवून विझवा.
• कपड्यांनी पेट घेतला तर धावू नका. जमिनीवर लोळा, वरून घोंगडी टाका. भाजल्या जागी 20 मिनिटं साधं गार पाणी सोडा. शाई, टूथपेस्ट, शेण काही लावू नका. जास्त भाजलं असेल तर 108 वर फोन करून गाडी बोलवा.

वड्या वाळवायला चैत्र-वैशाखाचं ऊन सगळ्यात चांगलं. रोज एक धरली तरी चार महिन्यांच्या पावसाळ्याला सव्वाशे वड्या पुरतात. दोन दुपारच्या वेळात तेवढ्या थापून होतात. त्या डब्यात भरल्या, की रॉकेलची बाटली चुलीजवळून कायमची उचला.